पहिल्यांदाच निवासी उन्हाळी शिबिराला पाठवताय? शिबिर असं निवडा

फेब्रुवारी संपत आला की शाळेच्या फाटकाबाहेर उन्हाळी शिबिरांची पत्रकं वाटायला सुरुवात होते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रोज दोन-चार जाहिराती येऊन पडतात. सगळ्यांची यादी जवळपास एकच: रॅपलिंग (दोराने कडा उतरणं), झिपलाइन, धनुर्विद्या, घोडेस्वारी, मातीकाम, आकाशदर्शन, शेवटच्या रात्री शेकोटी. या याद्या शेजारी शेजारी ठेवून निवड करायला बसलात तर हाती काहीच लागत नाही, कारण फरक यादीत नसतोच.

माझी दोन्ही मुलं लहानपणापासून निवासी शिबिरांना जात आली आहेत. ओळखीतले पालक दर उन्हाळ्यात तेच प्रश्न विचारतात, आणि त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. साधारण ८ ते १४ वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला पहिल्यांदाच चार-सहा रात्रींसाठी एकटं पाठवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे: शिबिर म्हणजे तिथले ताई-दादा, म्हणजे मुलांचे गट सांभाळणारे कार्यकर्ते. जागा, कार्यक्रम, जेवण हे सगळं त्यांच्या मागून येतं. रात्री दोन वाजता तुमचं मूल उठून रडायला लागलं तर त्याच्याजवळ कोण येऊन बसणार आहे, हे ज्या शिबिराबद्दल तुम्हाला स्पष्ट कळलं, त्याचाच विचार करा.

१. मूल तयार आहे का ते बघा

नुसतं वय बघू नका. आजोळी किंवा मावशीकडे तुमच्याशिवाय दोन-तीन रात्री राहिलं आहे का? अंघोळ, संडास, कपडे हे स्वतःचं स्वतः आवरतं का? ताटात पडेल ते थोडंफार खातं का? आणि सर्वांत महत्त्वाचं, पोटात दुखलं किंवा कुणी त्रास दिला तर मोठ्या माणसाला जाऊन सांगतं का? पहिल्या तीन गोष्टी शिबिरात शिकता येतात, चौथी घरून यावी लागते. ती नसेल तर यंदा गावातलंच दिवसाचं शिबिर निवडा, आजोळचा मुक्काम वाढवा आणि निवासी शिबिर पुढच्या वर्षी ठेवा.

मुलाला विचारल्याशिवाय पैसे भरू नका. कुठे जायचं, किती दिवस, तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय असेल, हे सगळं त्याला सांगून मग विचारा. सोबत एखादा मित्र असला तर पहिल्या वेळी चांगला आधार होतो. पण वर्गातली पाच-सहा जणं एकत्र गेली तर ती आपल्याच घोळक्यात राहतात, नवी ओळख होत नाही.

२. शिबिर कुठल्या वळणाचं आहे ते ओळखा

आपल्याकडच्या शिबिरांची घराणी वेगवेगळी आहेत. गिर्यारोहण संस्थांची साहस शिबिरं असतात. राष्ट्र सेवा दलासारख्या, १९४१ पासून काम करणाऱ्या संघटनांची शिबिरं असतात, तिथे श्रमदान, समूहगीतं, गटचर्चा यांना महत्त्व असतं. नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलसारखी शिस्त आणि कवायतीची परंपराही आहे. बीएनएचएससारखी (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) १८८३ पासूनची संस्था मुलांना पक्षी-फुलपाखरांकडे बघायला शिकवते. शिवाय नाटक, चित्रकला, विज्ञान यांची शिबिरं आहेतच. त्यातली बरीचशी दिवसाची असतात.

यातलं एक चांगलं आणि दुसरं वाईट असं नाही. पण पहाटे पाचची शिट्टी आणि कवायत तुमच्या मुलाला उभारी देईल की कोमेजून टाकेल, हे तुम्हालाच माहीत. सकाळच्या प्रार्थनेत काय म्हणतात, संध्याकाळच्या गप्पांमध्ये कुठले विषय असतात, हेही मोकळेपणाने विचारा. मूल आठवडाभर कुठल्या विचारांच्या वातावरणात राहणार आहे, हे आपल्याला माहीत असायला हवं.

एकूण मुलं किती असतील हेही बघा. दोनशे मुलांच्या छावणीत बुजरं मूल हरवून जातं. पहिल्या वेळी तीस ते साठ मुलांचं शिबिर बघावं, असं माझं मत आहे.

३. तारीख आणि जागा ठरवा

चांगल्या छोट्या शिबिरांच्या जागा मार्चमध्येच भरतात, म्हणून चौकशी फेब्रुवारीतच सुरू करा.

मे महिन्यातलं ऊन विसरून जागा ठरवू नका. फोटोतली हिरवी कुरणं बहुतेक वेळा पावसाळ्यातली किंवा दिवाळीच्या सुमाराची असतात. कर्जत, मुळशी, जुन्नर हा भाग मेमध्ये करडा आणि तापलेला असतो. कोकणात घामाने जीव नकोसा होतो. महाबळेश्वर-पाचगणी, आणि विदर्भातल्या मंडळींना चिखलदरा, ही उंचावरची ठिकाणं त्या मानाने सुसह्य. 'तंबूत मुक्काम' हे वाचायला छान वाटतं, पण मेच्या दुपारी उघड्या माळावरच्या तंबूत बसवत नाही. आमच्या मुलीच्या एका शिबिरात असे तंबू होते आणि मुलं दुपारभर एकाच आंब्याखाली दाटीवाटीने बसून काढायची. तेव्हापासून मी पहिल्यांदा हेच विचारते: दुपारी बारा ते चार मुलं कुठे असतात? पक्कं छप्पर, पंखे आणि बैठे खेळ, असं उत्तर यायला हवं.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात वळवाचा पाऊस आणि विजा सुरू होतात. त्या तुकडीला पाठवणार असाल तर वीज कडाडायला लागली की सगळ्यांना आत घ्यायची व्यवस्था काय, हे विचारून ठेवा.

परदेशातून नातवंडं येणार असतील तर तारखा आधी जुळवून बघा. अमेरिकेतल्या शाळांना मेअखेरीस किंवा जूनमध्ये सुट्टी लागते, आखातात त्याहून उशिरा. तोवर इथली बहुतेक शिबिरं संपलेली असतात. अशी मुलं एप्रिल-मेमध्ये येऊ शकत असतील तर शिबिराचा रोजचा कारभार मराठीत चालतो का आणि मराठी कमी येणाऱ्या मुलाला सांभाळून घेतील का, हेही विचारा.

आणि पहिलंच शिबिर मनालीला नको. रेल्वे आणि पुढे बसचा लांबचा प्रवास, थंडी, उंचीचा त्रास आणि घरापासूनचं अंतर, हे सगळं एकदम अंगावर येतं. काही बिनसलं तर चार-पाच तासांत तुम्हाला पोचता येईल, एवढ्या अंतरावरचंच निवडा.

४. माणसांची चौकशी करा

इथे घाई करू नका. पत्रकावर फोन नंबर असतो तो बहुतेकदा नावनोंदणी करणाऱ्याचा. त्याच्याशी बोलून झालं की शिबिरप्रमुखांशी बोलायचं आहे म्हणून सांगा. प्रत्यक्ष शिबिरात हजर राहणारा माणूस पैसे भरण्याआधी पालकांशी बोलायला तयार नसेल तर ते शिबिर सोडून द्या.

मी विचारते ते प्रश्न असे:

- एका ताई-दादाकडे किती मुलं? लहान मुलांसाठी मी दहाच्या वर जाऊ देत नाही.
- हे ताई-दादा कोण? दर वर्षी तेच येतात की जाहिरात देऊन ऐन वेळी गोळा केलेले कॉलेजचे विद्यार्थी? त्यांना शिबिराआधी प्रशिक्षण देता का, किती दिवसांचं?
- मुली असतील तर पूर्ण वेळ मुक्कामाला स्त्री कार्यकर्त्या किती?
- रात्री मुलं कुठे झोपतात आणि मोठी माणसं कुठे? मुलामुलींची झोपायची आणि अंघोळीची जागा वेगळी आहे का?
- सगळ्यांची पोलीस चारित्र्य पडताळणी केली आहे का? स्वयंपाकी, गाडीचे चालक, जागेचे राखणदार यांचीसुद्धा?
- एखाद्या मुलाने त्रासाची तक्रार केली तर ती कोणाकडे जाते आणि पालकांना कधी कळवता?

शेवटचा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, तरी विचाराच. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल त्याच्यावर ते पोलिसांना कळवायची सक्ती आहे. शिबिराच्या चालकांना ते आपापसात मिटवता येत नाही. ज्यांनी या गोष्टीचा विचार केलेला असतो ते न चिडता, शांतपणे आपली पद्धत सांगतात. 'अहो ताई, काळजीच करू नका, आम्ही आपल्याच मुलांसारखं बघतो,' हे प्रेमाने म्हटलेलं असेल, पण त्यात उत्तर नाही. पुन्हा विचारा: एकाकडे किती मुलं, रात्री कोण जागं असतं, नाव काय त्यांचं.

नंतर मागच्या वर्षी जाऊन आलेल्या दोन-तीन मुलांच्या पालकांशी बोला. आयोजकांनी दिलेले नंबर असतात ते खूश असलेल्यांचे, म्हणून शाळेतल्या पालकांकडून एखादा स्वतः शोधा. आणि जमलं तर त्या मुलाशीच बोला. 'मजा आली का?' असं विचारलंत तर 'हो' एवढंच मिळेल. 'तुझ्या गटाचे दादा कोण होते, काय काय करायचे?' असं विचारा. नाव आठवत असेल, त्याच्या गोष्टी भडाभडा सांगत असेल, तर ते शिबिर चांगलं.

५. साहसी खेळ असतील तर कागद आणि दोर बघा

महाराष्ट्र शासनाचं साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आलं. जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींतले साहसी उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, असं त्यात आहे. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर मागा आणि त्यावर कुठले उपक्रम लिहिले आहेत ते वाचा. इथे एक गफलत नेहमी होते. बरीच शिबिरं कृषी पर्यटन केंद्रांवर भरतात आणि त्या केंद्राचं प्रमाणपत्र दाखवलं जातं. कृषी पर्यटनाची नोंदणी वेगळी आणि साहसी उपक्रमांची वेगळी. एकीने दुसरीचं काम होत नाही.

रॅपलिंग, चढाई शिकवणाऱ्याने कुठला कोर्स केला आहे ते विचारा. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था इथले बेसिक, अ‍ॅडव्हान्स आणि शिकवण्यासाठीचा मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन हे कोर्स ओळखीचे आहेत. पुण्यात गिरिप्रेमीच्या मंडळींनी उभी केलेली गार्डियन गिरिप्रेमी संस्थाही प्रशिक्षण देते. 'आमच्या सरांनी शंभर किल्ले केलेत' याने भागत नाही. किल्ला चढणं आणि घाबरलेल्या दहा वर्षांच्या मुलाला कड्यावरून सुखरूप खाली उतरवणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

मागच्या वर्षीचे फोटो मागवून मोठे करून बघा. प्रत्येक मुलाच्या डोक्यावर हेल्मेट आहे का, हनुवटीखालचा पट्टा लावलेला आहे का? रॅपलिंग करणाऱ्या मुलाला मुख्य दोराखेरीज वरून धरलेला दुसरा सुरक्षा दोर आहे का? नावेतल्या सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट आहे का? फोटो ते स्वतःच अभिमानाने टाकतात, त्यामुळे त्यात जे दिसतं तेच रोज घडत असतं.

पाण्याबाबत मी अजिबात तडजोड करत नाही. धरणाच्या किंवा नदीच्या पाण्यात, समुद्रात पोहायला नेणार असतील तर माझं उत्तर नाही. २०१६ साली मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला गेलेले पुण्यातल्या एका महाविद्यालयाचे विद्यार्थी बुडाले, ती तर मोठी मुलं होती. आखीव तलाव, उथळ बाजू, काठावर फक्त पाण्याकडे बघणारा जीवरक्षक, एवढं असेल तरच.

गडावर नेणार असतील तर आग्या मोहोळाबद्दल विचारा. उन्हाळ्यात कड्यांना पोळी असतात, आणि अत्तराचा वास किंवा धूर यांनी माश्या उठतात. आयोजकांनी आदल्या दिवशी वाट बघून ठेवलेली असावी.

६. रात्र, विंचू-काटा आणि दवाखाना

मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावल्याची उदाहरणं गावोगाव आहेत. म्हणून खाट, किंवा निदान गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी असावी. संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा असावा. कोकणात विंचवाचाही विचार हवा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामामुळे विंचूदंशावर प्रॅझोसिन या औषधाचा उपचार रूढ झाला आणि मुलांचे जीव वाचू लागले; पण मूल वेळेत दवाखान्यात पोचलं तरच.

म्हणून विचारा: सर्पदंशावरचं इंजेक्शन मिळेल असा सर्वांत जवळचा दवाखाना कुठला, किती मिनिटांवर? शिबिराची स्वतःची गाडी रात्रभर चालकासह उभी असते का? १०८ ची रुग्णवाहिका राज्यभर आहे, पण ती येईपर्यंत वाट बघायची की आपल्या गाडीने निघायचं, हे आयोजकांनी आधी ठरवलेलं असावं. मोबाइलला रेंज आहे का हेही विचारा, आणि नसेल तर संपर्क कसा करतात. प्यायचं पाणी कुठलं, हा प्रश्न साधा आहे, पण शिबिरातून आजारी पडून येणारी बहुतेक मुलं पोट बिघडूनच येतात.

७. पैशांचा हिशेब

एकूण रकमेला रात्रींनी भागून बघा. 'सात दिवसांचं' म्हणवणारं शिबिर कधी कधी पाच रात्रींचंच असतं. जायचा आणि यायचा दिवसही मोजलेला असतो. प्रवास, जीएसटी, टी-शर्ट, घोडेस्वारीसारख्या गोष्टी धरून ही रक्कम आहे का? रद्द केलं तर किती पैसे परत, कुठल्या तारखेपर्यंत? हे लेखी घ्या. पैसे संस्थेच्या खात्यात भरा आणि पावती मागा. कुणाच्या वैयक्तिक नंबरावर पाठवायला सांगत असतील तर आधी कारण विचारा. 'आज भरलेत तर सवलत' याला भुलून वरच्या चौकशा टाळू नका.

८. कागदपत्रं

- मुलाच्या आधार कार्डाची प्रत आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो
- डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. डॉक्टरांना कुठलं शिबिर आहे ते सांगून घ्या
- अ‍ॅलर्जी, दमा, फिट, झोपेत चालणं, अंथरूण ओलं होणं याची लेखी माहिती
- चालू औषधांची चिठ्ठी, आणि औषधं प्रत्येक डोस वेगळा बांधून
- आरोग्य विम्याच्या कार्डाची प्रत
- सही केलेलं संमतीपत्र
- आई-बाबांखेरीज आणखी एका नातेवाइकाचा नंबर

धनुर्वाताची लस बघून घ्या. सरकारी वेळापत्रकात ती दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असते आणि दहाव्याची बरेचदा राहून गेलेली असते. अंथरूण ओलं होत असेल तर लपवू नका. चांगल्या ताई-दादांना ते नवीन नसतं. त्यांना माहीत असलं तर झोपायच्या आधी आठवण करतात आणि सकाळी कुणाला कळू न देता आवरूनही घेतात. मोठ्या मुलींना पॅड सोबत द्या, आणि अजून पाळी सुरू झाली नसेल तरीही द्या.

संमतीपत्र सगळं वाचा. 'कोणत्याही अपघाताला आयोजक जबाबदार नाहीत' हे वाक्य बहुतेकांकडे असतं. ते छापल्याने त्यांची निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप संपत नाही, पण गटविमा आहे का आणि त्यात काय येतं, हे त्याच वेळी विचारून घ्या. तातडीचे उपचार करायला परवानगी द्या. मुलाचे फोटो समाजमाध्यमांवर टाकायला परवानगी द्यायची नसेल तर तेवढी ओळ खोडून सही करा.

९. सॅक भरणं

सॅक मुलानेच भरायची, तुम्ही शेजारी बसायचं. तुम्ही भरलीत तर टॉवेल कुठे आहे हे त्याला सापडत नाही आणि सगळं सामान पहिल्याच दिवशी खाली येतं. चाकांची बॅग नको.

अर्ध्या बाह्यांचे सुती कपडे रोजचा एक जोड धरून, दोन पूर्ण बाह्यांचे शर्ट, पूर्ण पँट, वापरून मऊ झालेले बूट, मोज्यांच्या जास्तीच्या जोड्या, टोपी, पातळ पांघरूण, ताट-वाटी-पेला, पाण्याच्या दोन बाटल्या, सेलची बॅटरी, शिट्टी, ओडोमॉस, ओआरएसची पाकिटं, ओल्या कपड्यांसाठी पिशवी. प्रत्येक वस्तूवर मार्करने नाव, अगदी चड्डीवरसुद्धा. नवे कोरे बूट देऊ नका, पहिल्याच चालीत टाचेला फोड येतात. मोबाइल, सोन्याच्या वस्तू, महागडं घड्याळ घरीच. खाऊचा डबा द्यायचाच तर सगळ्या गटाला पुरेल एवढ्या चिक्कीचा द्या.

१०. शिबिर चालू असताना

'आवडलं नाही तर लगेच न्यायला येईन' असं कबूल करून पाठवू नका. तसं सांगितलं की मूल पहिल्या अवघड संध्याकाळी तिथे रमायचा प्रयत्न सोडून तुमची वाट बघत बसतं. त्याऐवजी सांगा, 'घरची आठवण येईल, तेव्हा ताईला जाऊन सांग.' आईबाबांचा नंबर पाठ करून घ्या, मोबाइल नसला तरी. कुणी अंगाला नकोसा हात लावला, किंवा 'घरी सांगू नकोस' म्हटलं, तर ते नक्की सांगायचं, हे निघायच्या आधी शांतपणे बोला. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांकही त्याला माहीत असू दे.

पहिले दोन दिवस साधारण अवघड जातात. रोज फोन लावून द्या म्हणून मागे लागू नका. तुमचा आवाज ऐकला की रमलेलं मूलही रडतं. रोज संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक निरोप येतो का, एवढं आधी ठरवून घ्या. ताईचा फोन आला की मूल जेवत नाही किंवा सलग दोन रात्री झोपलेलं नाही, तर मात्र तिच्याशी सविस्तर बोला आणि गरज वाटली तर न्यायला जा. ताप, मार, किंवा कुणी त्रास दिल्याची तक्रार असेल तर वाट बघू नका, लगेच निघा.

११. परत आल्यावर

पहिल्या दिवशी झोपू द्या. अंघोळीच्या वेळी कानामागे, केसांत, काखेत गोचीड नाही ना ते बघा. प्रश्नांचा भडिमार नको. कपडे धुताना, जेवताना मूल आपोआप सांगत जातं. कोण आवडलं, कोण नाही, कुठे भीती वाटली, हे ऐकत राहा. एखाद्या माणसाचं नाव निघताच गप्प होत असेल, तर तो धागा सोडू नका.

काही खटकलं असेल तर आठवडाभरात आयोजकांना लिहून कळवा. चांगले आयोजक उत्तर देतात आणि पुढच्या तुकडीआधी सुधारणा करतात. ज्या ताई-दादाने मुलाला सांभाळलं त्याचं नाव घेऊनही चार ओळी लिहा. पुढच्या फेब्रुवारीत तो दादा त्याच शिबिरात आहे का, ही तुमची पहिली चौकशी असू द्या.